दिवाळीचा पगार आणि माळ्यावरचं कॅबिनेट

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा एक कारखाना आहे. चोवीस माग, दोन पाळ्या, चाळीसेक माणसं. तिथल्या कॉम्प्युटरची देखभाल गेली चौदा वर्षं माझ्याकडे आहे. गेल्या दिवाळीच्या तोंडावर आम्ही तिथे विंडोज बदलली. चार दिवसांत एका टेबलावर जुनी परत आणावी लागली, दुसऱ्या टेबलावर नवी राहिली. बदलायचा सल्ला माझा होता आणि परत फिरायचा निर्णयही माझ्यासमोर झाला, म्हणून जे घडलं ते क्रमाने लिहून ठेवतो आहे. ज्यांच्या ऑफिसात अजून एखाद्या जुन्या प्रोग्रॅमवर पगार निघतो, त्यांनी तरी हे वाचावं असं मला मनापासून वाटतं. मालकांनी लिहायला परवानगी दिली, कारखान्याचं नाव तेवढं घालू नका म्हणाले.

दोन टेबलं

ऑफिस म्हणजे मागांच्या शेडला लागून काढलेली एक खोली. दार बंद असलं तरी खडखडाट आत येतो आणि त्याबरोबर कापसाची पिंज. सहा महिन्यांत कॉम्प्युटरच्या पंख्यावर तिचा राखाडी थर बसतो.

पहिलं टेबल अण्णांचं. अण्णा कारखान्याचे दिवाणजी, वय बासष्ट. घरात तेलुगू, ऑफिसात मराठी, मागाजवळ दोन्ही. त्यांचे आजोबा १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलमध्ये कामाला होते. अण्णांच्या टेबलावर मजुरीचा हिशेब असतो. मागावरून उतरलेल्या मालाची वही रोज त्यांच्याकडे येते: कोणत्या मागावर, कोणत्या पाळीत, कोणी, कोणत्या क्वालिटीचे किती डझन काढले. त्यावर मजुरी लागते, तिच्यातून उचल कापली जाते, खाडे धरले जातात आणि शनिवारी संध्याकाळी प्रत्येकाच्या हातात पावती आणि पैसे पडतात.

हा हिशेब १९९८ सालापासून एकाच प्रोग्रॅमवर चालला आहे. फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसच्या भाषेत लिहिलेला, विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीवर चालणारा. तेव्हा कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने तो मालकांच्या वडिलांच्या शेजारी बसून लिहून दिला होता. आता तो पुण्यात नोकरीला असतो. निळा पडदा, पांढरी अक्षरं, माउस नाही. अण्णा पडद्याकडे न बघता आकडे घालतात. उजवा हात आकड्यांच्या कळांवर, डावा वहीवर. पावत्या निघतात नऊ पिनांच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर, मध्ये कार्बन घातलेल्या लांब कागदावर. एक प्रत कामगाराला, एक सहीसाठी ऑफिसात.

हे सगळं ज्या कॉम्प्युटरवर चालत होतं तो २०१२ साली मीच बसवला होता. तेव्हा त्यात विंडोज ७ होती, बत्तीस बिटांची. २०१६ साली फुकट अपग्रेडची मुदत संपायच्या आत तिच्यावर विंडोज १० चढवली, तीही बत्तीस बिटांचीच. बिट म्हणजे कॉम्प्युटर एका घासाला किती माहिती उचलतो त्याचं माप. हे बत्तीस बिट नीट लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

दुसरं टेबल वहिनींचं. वहिनी म्हणजे मालकांची सून. बिलं, जीएसटी, ई-वे बिलं, हैदराबाद आणि बेंगळुरूच्या व्यापाऱ्यांशी पत्रव्यवहार आणि मराठीतल्या नोटिसा त्यांच्याकडे. त्यांचा कॉम्प्युटर नवा, चौसष्ट बिटांचा, विंडोज १० असलेला.

बदल का ठरला

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा दुरुस्ती बंद होणार, ही बातमी सप्टेंबरात मालकांच्या कानावर आली. कोणीतरी त्यांना सांगितलं की त्या दिवसानंतर कॉम्प्युटर चालू होणार नाही. तसं काही नसतं. मशीन चालू राहतं, प्रोग्रॅम चालू राहतात. फक्त नव्या सापडलेल्या भगदाडांना ठिगळ मिळायचं थांबतं. जे मशीन इंटरनेटवर आहे, ज्यावर बँक आणि मेल आहे, त्याच्यासाठी ही गोष्ट मोठी आहे. जे मशीन जगाशी जोडलेलंच नाही त्याच्यासाठी फारशी नाही. हा फरक मी मालकांना तेव्हाच सांगायला हवा होता. मी सांगितलं ते एवढंच, की दिवाळीआधी दोन्ही टेबलं नवी करून घेऊ.

अण्णांच्या जुन्या मशीनवर विंडोज ११ बसणं शक्य नव्हतं. तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, मशीन सुरू होतानाच तपासणी करणारं सिक्युअर बूट लागतं, चार जीबी रॅम लागते आणि प्रोसेसर ठरावीक पिढीच्या पुढचा लागतो. त्या जुन्या कॅबिनेटात यातलं काहीच नव्हतं, रॅमसुद्धा दोनच जीबी. म्हणून त्यांच्यासाठी नवीपेठेतून नवं कॅबिनेट घेतलं. वहिनींच्या मशीनमध्ये सगळं होतं, तिथे आहे त्यावरच अपग्रेड करायचं ठरलं.

आता ते बत्तीस बिट. डॉसचे जुने प्रोग्रॅम सोळा बिटांचे असतात. बत्तीस बिटांच्या विंडोजमध्ये असे प्रोग्रॅम चालवायची आतून सोय होती. चौसष्ट बिटांच्या विंडोजमध्ये ती नाही, कारण प्रोसेसर चौसष्ट बिटांच्या पद्धतीने चालू लागला की ज्या खुबीवर ती सोय उभी होती ती खुबीच त्याच्याकडे उरत नाही. विंडोज १० बत्तीस बिटांतही मिळायची. विंडोज ११ फक्त चौसष्ट बिटांत मिळते. म्हणजे अण्णांचा प्रोग्रॅम तिच्यावर सरळ चालणार नाही, हे कागदावरच ठरलेलं होतं.

मला हे ठाऊक होतं. त्यावर तोड म्हणून मी डॉसबॉक्स वापरायचं ठरवलं. विंडोजच्या पोटात डॉसचं खोटं मशीन उभं करणारा हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. घरी मी अण्णांच्या फोल्डरची प्रत त्यावर चालवून पाहिली. निळा पडदा आला, मेनू आला, कामगारांची यादी उघडली. मी समाधानाने लॅपटॉप मिटला.

माझी चूक तिथे झाली. प्रोग्रॅम उघडला म्हणजे काम होईल असं मी धरलं. अण्णांचं काम प्रोग्रॅम उघडणं हे नव्हतंच. त्यांचं काम शनिवारी पाच वाजेपर्यंत चाळीस पावत्या हातात देणं हे होतं, आणि त्यातली एकही मी छापून पाहिली नाही.

८ ऑक्टोबर, बुधवारी नवं कॅबिनेट बसलं. जुनं उचलून बाजूला ठेवलं. दुकानदार जुन्याचे थोडे पैसे वजा करून देणार होता, त्याचा माणूस सोमवारी येऊन नेणार होता. अण्णा म्हणाले, "सर, दिवाळी होईस्तोवर ऱ्हाऊ द्या की ओ ते. मग न्या म्हणावं." मालकांनी ते माळ्यावर, जुन्या बॉबिनच्या पोत्यांशेजारी ठेवायला लावलं.

शनिवार, ११ ऑक्टोबर

साडेअकराला अण्णांचा फोन आला. "सर, पडदाच जातोय."

मी पोहोचलो तेव्हा ते हात मांडीवर ठेवून बसले होते. चिडलेले नव्हते. चौदा वर्षांत मी त्यांना चिडलेलं पाहिलेलं नाही. पण त्यांचा चेहरा असा होता की मला लाज वाटली. त्यांनी मला करून दाखवलं. एका विणकराच्या आठवड्याचे आकडे घातले, शेवटी नेहमीप्रमाणे कंट्रोल धरून एफ नऊ दाबलं, आणि निळा पडदा क्षणात नाहीसा झाला. मागे उरली विंडोजची निळसर फुलाची पाटी.

त्या मुलाने १९९८ साली 'जतन करून पुढचा माणूस' या कामासाठी कंट्रोल एफ नऊ ही जोडी नेमली होती. डॉसबॉक्समध्ये नेमकी तीच जोडी पूर्ण प्रोग्रॅम तडकाफडकी बंद करण्यासाठी राखलेली आहे. सत्तावीस वर्षं जो हात जतन करत आला होता तोच आता प्रत्येक वेळी सगळं पाडत होता. अण्णांनी सकाळपासून सहा वेळा दाबलं होतं. आपल्याच हातून काही चुकतंय असं वाटून त्यांनी सहाही वेळा पहिल्यापासून सुरुवात केली होती.

कळांची नेमणूक बदलता येते, ती मी पाच मिनिटांत बदलली. पण झालेलं नुकसान कळांपुरतं नव्हतं. फॉक्सप्रोचा प्रोग्रॅम मधेच तुटला की त्याची अनुक्रमणिकेची फाइल अर्धवट राहते. यादी उघडली तर नावं भलत्याच क्रमाने येत होती आणि दोन माणसं दिसतच नव्हती. ती फाइल नव्याने बांधायची सोय प्रोग्रॅममध्ये होती, ती चालवली. माणसं परत आली. उचलीची बेरीज मात्र वहीशी जुळेना.

तोवर दोन वाजले होते. मी म्हटलं, बेरीज नंतर बघू, आधी पावत्या छापू. आणि तिथे सगळं थांबलं. डॉसबॉक्स मुळात जुने खेळ खेळण्यासाठी बनवलेला आहे, त्याच्या मूळ आवृत्तीत छपाईची सोयच नाही. शिवाय डॉसचा प्रोग्रॅम प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टवर सरळ लिहितो. नव्या कॅबिनेटला तो पोर्ट नाही. मी यूएसबीची वायर लावून प्रिंटर जोडला होता आणि विंडोजचं चाचणीचं पान सुंदर छापूनही आलं होतं. पण त्या वायरीने विंडोजला प्रिंटर दिसतो, डॉसला हवा असलेला पोर्ट तयार होत नाही.

साडेतीनला पाळी बदलली. पहिल्या पाळीची माणसं हातपाय धुऊन ऑफिसच्या ओट्यावर बसली. दिवाळी आठवड्यावर आलेली. वाइंडिंगच्या, म्हणजे सूत गुंडाळणाऱ्या, बायकांना घरी जाऊन बाजाराला निघायचं होतं. मालकांनी पैसे मोजून तयार ठेवले होते. कोणाला किती द्यायचे तेवढंच ठरत नव्हतं.

अण्णांनी ड्रॉवर उघडला, कोरं पावतीपुस्तक काढलं आणि हाताने लिहायला लागले. वहिनी कॅल्क्युलेटर घेऊन समोर बसल्या. मी वहीतले आकडे वाचून दाखवत होतो. ज्याची उचल जुळत नव्हती त्याला अण्णा दारातून हाक मारायचे, तो येऊन आपल्या तोंडाने सांगायचा, "मागल्या महिन्यात दोन हजार घेतलेत, पाचशे कटलेत," आणि अण्णा तेच लिहायचे. एकानेही खोटं सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात सगळ्या रकमा पडताळल्या तेव्हा हे कळलं. शेवटची पावती दिली तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते.

त्या शनिवारी कोणी मला एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

रविवारी काय काय करून पाहिलं

डॉसवरची कामं छपाईसकट चालवण्यासाठी बनवलेली दुसरी साधनं आहेत. त्यातलं एक रविवारी सकाळी मी बसवलं. छपाई झाली, पण पावती आडवीतिडवी आली. कागद दर पावतीला किती सरकवायचा हे जुना प्रोग्रॅम प्रिंटरला गुप्त खुणांनी सांगतो, आणि त्या खुणा वाटेत गळत होत्या. चार इंचांची पावती संपली की प्रिंटर पूर्ण पान पुढे ढकलायचा. जुळवाजुळव करून ते बसलंही असतं. पण किती दिवसांत, याचं खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि गुरुवारी १६ तारखेला बोनस वाटायचा ठरला होता.

बोनस हा या प्रकरणातला सगळ्यात जोखमीचा भाग होता. कायद्याने बोनस वर्षभराच्या मजुरीवर किमान ८.३३ टक्के लागतो. म्हणजे त्यासाठी एका आठवड्याचे आकडे पुरत नाहीत, प्रत्येक माणसाची बारा महिन्यांची बेरीज लागते. ती हाताने काढायची तर दर आठवड्याच्या चाळीस अशा बावन्न आठवड्यांच्या पावत्या उपसाव्या लागल्या असत्या. आणि शनिवारच्या सहा अपघातांनंतर नव्या मशीनवरच्या आकड्यांवर माझाच विश्वास उरला नव्हता.

दुपारी आम्ही चौघं बसलो. मालकांना वाटत होतं, एवढे पैसे घालून नवं मशीन आणलं, आता मागे कशाला जायचं. त्यांच्या बोलण्यात चूक नव्हती. मीही मनातून तिकडेच होतो. आपण बसवलेलं आपणच उपटायचं हे कोणत्याही कारागिराला जड जातं.

अण्णा तोवर गप्प होते. मग ते मालकांकडे वळून म्हणाले, "बीम संपला की आपण काय करतो ओ मालक? जुन्या ताण्याची टोकं मागावरच ठेवतो. नव्या बीमचा एकेक धागा त्याला गाठ मारून जोडतो आणि मग ओढून घेतो. जुनं सगळं कापून टाकून कोण नवा बीम चढवतंय? आख्खी भरणी पयल्यापासून करावी लागंल."

ज्यांनी माग पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. टेरी टॉवेलच्या मागावर ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम (धागे गुंडाळलेले मोठे रूळ) असतात, एक जमिनीचा आणि एक फासांचा. हजारो धागे, आणि प्रत्येक धागा आपापल्या तारेच्या डोळ्यातून आणि फणीच्या फटीतून ओवलेला. बीम संपल्यावर जुनी टोकं मागात असतील तर नवे धागे गाठीने जोडून पुढे ओढता येतात. टोकं काढून टाकली तर प्रत्येक धागा पुन्हा ओवावा लागतो. मालकांचं आयुष्य यात गेलेलं आहे. त्यांना पुढे काही समजावून सांगावं लागलं नाही. ते उठले आणि त्यांनी स्वतः शिडी लावली.

परत जाणं

जुनं कॅबिनेट खाली आलं. उघडून ब्लोअरने पिंज उडवली, रॅमच्या पट्ट्या खोडरबराने पुसून परत बसवल्या. वायरी जोडल्या. पाचच्या सुमाराला निळा पडदा आला. अण्णांनी एका माणसाचे आकडे घातले, कंट्रोल एफ नऊ दाबलं, आणि पुढच्या माणसाचं नाव आलं. मग त्यांनी ती एक पावती छापली. प्रिंटरच्या त्या करकर आवाजाने वहिनी टेबलावरून उठून बघायला आल्या.

त्या मशीनवर ४ ऑक्टोबरपर्यंतचे आकडे शाबूत होते. शनिवारच्या हाताने लिहिलेल्या पावत्यांवरून मधला आठवडा आम्ही पुन्हा घातला, दोन तास लागले. नव्या मशीनवरून जुन्यावर एकही फाइल आणली नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण मोह होतो: नव्यावर घातलेलं आहेच, तेच उचलू. मधेच तुटलेली फाइल चांगल्या फाइलवर चढली की परत जाण्याची वाटही बंद होते.

मग सुरक्षेचं काय? इथे आम्ही चार गोष्टी ठरवल्या आणि त्या आजही पाळल्या जातात. त्या मशीनची नेटवर्कची वायर काढली आणि मागच्या भोकाला चिकटपट्टी लावली. त्यावर मजुरीशिवाय दुसरं काही करायचं नाही. एकच पेन ड्राइव्ह त्याला लागेल, तो अण्णांच्या कपाटात राहील आणि फक्त वहिनींच्या मशीनवर तपासून वापरला जाईल. दर शनिवारी पगार झाला की पूर्ण फोल्डरची प्रत त्यावर निघेल. पुढचे दोन दिवस मंगळवारची, १४ तारखेची, भीती मालकांच्या मनात होती. त्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः अण्णांचं मशीन चालू करून पाहिलं. ते चालू झालं.

गुरुवारी बोनसच्या पावत्या निघाल्या. तीन वाजता सुरू झालेलं वाटप पाचला संपलं.

वहिनींचं टेबल

तिकडे वहिनींची वेगळीच लढाई चालली होती. त्यांच्या मशीनवर ९ तारखेला अपग्रेड झालं आणि पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "भाऊजी, मला माझी जुनीच विंडोज द्या."

त्यांची तक्रार खरी होती. स्टार्टचं बटण कोपऱ्यातून मधे गेलं होतं. फाइलवर उजवी क्लिक केली की ओळखीचा लांब मेनू येत नव्हता. कॉपी-पेस्ट बारक्या चित्रांच्या ओळीत गेलं होतं आणि बाकीच्या गोष्टी आणखी एका क्लिकमागे. त्या टास्कबार पडद्याच्या वरच्या कडेला ठेवायच्या. तेव्हा विंडोज ११ च्या सेटिंगमध्ये तो खालीच राहायचा. मराठी टंकलेखनासाठी त्यांचा टाइपरायटरच्या धाटणीचा जुना प्रोग्रॅम होता, तो सुरूच होईना. दिवसाला वीस बिलं काढणाऱ्या माणसाला प्रत्येक बिलामागे चार वेळा थबकायला लावलं तर संध्याकाळी डोकं उठतं.

अण्णांच्या आणि वहिनींच्या मशीनमध्ये एक मोठा फरक होता. इथे आहे त्यावर अपग्रेड झालं होतं, त्यामुळे जुनी विंडोज त्याच डिस्कवर एका फोल्डरात जपलेली होती. सेटिंगमध्ये सिस्टिम, मग रिकव्हरी, तिथे परत जाण्याचं बटण असतं. ते दहा दिवसच चालतं. मधे कोणी जागा मोकळी करायला म्हणून डिस्क साफ केली आणि तो फोल्डर गेला, तर दहा दिवसांच्या आतही चालत नाही. म्हणून मी मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी चिकटवली: 'डिस्क साफ करू नये.' आणि दहा दिवस संपायच्या आत विंडोजमधल्याच डीआयएसएम या साधनाच्या एका आज्ञेने ती मुदत साठ दिवसांची करून ठेवली. ही सोय पुष्कळांना माहीत नसते. मुदत संपल्यावर ती वाढवता येत नाही, संपण्याआधीच वाढवावी लागते.

वहिनींना मी एवढंच म्हटलं, की परत जायची वाट ८ डिसेंबरपर्यंत उघडी आहे, तुम्ही सांगाल त्या दिवशी अर्ध्या तासात जुनी विंडोज देतो. एवढ्याने त्यांचा अर्धा वैताग गेला. कोंडल्यासारखं वाटतं तेव्हा प्रत्येक लहान अडचण मोठी होते.

मग एकेक गोष्ट सोडवत गेलो. स्टार्ट डावीकडे आणता येतं, आणलं. लांब मेनू हवा असेल तर शिफ्ट धरून उजवी क्लिक करायची, हे त्यांच्या दोन दिवसांत बोटांत बसलं. टास्कबार खालीच राहिला, त्याचं दुःख त्यांना आठवडाभर होतं. मराठीचा प्रश्न मात्र अनपेक्षितपणे सुटला. तो जुना प्रोग्रॅम चालवायची खटपट सोडून मी विंडोजमधलाच मराठी फोनेटिक कीबोर्ड चालू करून दिला. पहिले तीन दिवस त्यांनी मला रोज फोन केला. चौथ्या दिवशी त्यांनी दिवाळीच्या सुट्टीची नोटीस युनिकोडमध्ये, म्हणजे कुठेही नेली तरी तशीच दिसणाऱ्या अक्षरांत, लिहिली आणि तीच तशीच उचलून कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेलं दुसरीकडे नेलं की त्याची चिन्हांची खिचडी व्हायची, म्हणून आजवर त्या नोटिसा छापून त्यांचा फोटो काढत होत्या.

नोव्हेंबरच्या शेवटी मी विचारलं, परत जायचं का? त्या म्हणाल्या, आता कशाला, हात बसला. चिठ्ठी काढली.

या दोन टेबलांकडे पाहून मला जो फरक दिसला तो मला फार आधी दिसायला हवा होता. वहिनींचा त्रास हाताचा होता. हात शिकतो, पंधरा दिवस, महिना, त्याला वेळ लागतो, पण दर दिवशी त्रास थोडा कमी होतो. अण्णांचा त्रास कामाचा होता. त्यांनी वर्षभर सराव केला असता तरी त्या मशीनमधून पावती निघाली नसती. माझ्यासारखे लोक दोन्ही तक्रारींना एकच उत्तर देतात, "सवय होईल." अण्णांना ते उत्तर देणं अन्याय होतं, आणि शनिवारी सकाळी फोनवर पहिल्यांदा मी त्यांना नेमकं तेच म्हटलं होतं.

सध्या

जुनं मशीन कायमचं नाही, हे अण्णांनाही कळतं. तेरा वर्षांची हार्डडिस्क आहे, कधीही बसेल. म्हणून आता आम्ही गाठी मारतो आहोत. फॉक्सप्रो आकडे ज्यांत ठेवतो त्या डीबीएफ फाइली लिब्रे ऑफिस या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडतात, त्यामुळे १९९८ पासूनचे आकडे नव्या मशीनवर वाचता आले. मजुरीचे नियम अण्णा सांगतात, मी वहीत लिहितो आणि त्यावरून नवी तक्ता-पद्धत बांधतो. संक्रांतीचा गड्डा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा, उरकल्यापासून दर शनिवारी पगार दोन्ही मशीनवर काढला जातो. पैसे जुन्या पावतीनेच दिले जातात. नवी फक्त शेजारी ठेवून ताडायची.

पहिल्या शनिवारी चाळीसपैकी एकोणतीस पावत्या जुळल्या. बहुतेक फरक पैसे पूर्ण रुपयांत धरण्याचे होते. दुसऱ्या शनिवारी चार पावत्या उरल्या, आणि त्या चारही माणसांना जुन्या प्रोग्रॅमने आमच्या हिशेबापेक्षा जास्त मजुरी दिली होती. का, ते अण्णांनाही सांगता येईना. ते म्हणाले, असा नियमच नाही. मालकही म्हणाले, नाही.

अण्णांनी ती चार नावं दोनदा वाचली. मग वहीत माग बघितले, आणि मागांवर देखरेख करणाऱ्या जॉबरला बोलावून विचारलं. त्या आठवड्यात त्याच चार मागांवर बीम बदलले होते. गाठी मारून होईपर्यंत माग उभा राहतो आणि डझनावर मजुरी घेणाऱ्याचा तो वेळ फुकट जातो. त्याची भरपाई म्हणून अर्ध्या पाळीची मजुरी द्यायची असं मालकांच्या वडिलांनी केव्हातरी त्या मुलाला सांगितलं असावं. अण्णा बीम बदलाची तारीख सवयीने घालत आले होते, प्रोग्रॅम त्यावर गुपचूप भरपाई धरत आला होता, आणि सत्तावीस वर्षांत कोणाच्या ते लक्षातही राहिलं नव्हतं.

मालकांनी तो नियम माझ्या वहीत स्वतःच्या हाताने लिहिला आणि खाली सही केली. वहीत आता सतरा नियम झालेत. येत्या शनिवारी पुन्हा ताडायचं आहे.